कुत्र्याला घेऊन युरोपात जाताय? आधी चिप, मग लस

तुमचा प्रश्न असा: दोन वर्षांचा कुत्रा आहे, रेबीजची लस दर वर्षी वेळेवर झालीये, चिप (कातडीखाली बसवतात ती ओळख नंबराची छोटी मायक्रोचिप) बसवलेली नाही, जर्मनीतली नोकरी चार महिन्यांनी सुरू होतेय, तर कागदपत्रं कधीपासून करायची? तुम्ही ज्या देशातून निघताय तो युरोपीय संघाच्या सूट दिलेल्या देशांच्या यादीत नाही, म्हणजे लसीचा परिणाम झालाय का हे बघणारी रक्ततपासणीही आलीच. तेव्हा स्पष्ट सांगतो, चार महिने अगदी काठावर आहेत. या आठवड्यात चिप बसली तर जमेल, नाहीतर जाण्याची तारीख पुढे ढकला.

याचं कारण, चिपच्या आधी टोचलेली लस युरोपच्या हिशेबात धरतच नाहीत. लस याच कुत्र्याला दिली याचा पुरावा म्हणजे चिपचा नंबर. त्यामुळे मागची सगळी इंजेक्शनं बाजूला ठेवून चिपनंतर पुन्हा लस द्यावी लागेल आणि तीच पहिली धरली जाईल. दोन्ही एकाच दिवशी चालतं, पण चिप आधी. चिप आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची, १५ अंकी हवी. दुसऱ्या प्रकारची असेल तर ती वाचणारा रीडर तुम्हालाच सोबत न्यावा लागतो. बसवल्यावर व्हेटला तिथेच स्कॅन करायला लावा आणि स्क्रीनवरचा नंबर लसीच्या पुस्तिकेतल्या नंबराशी एकेक अंक ताडून बघा. शक्यतो चिपच्या नंबराचा स्टिकरच पुस्तिकेत चिकटवून घ्या. हाताने लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली, तर तोच चुकीचा नंबर रक्ताच्या नळीवर, लॅबच्या अहवालात आणि शेवटच्या प्रमाणपत्रात जातो. विमानतळावर मात्र कुत्र्याच्या मानेतून खरा नंबर निघतो.

आता तारखा. समजा चिप आणि लस ५ जानेवारीला झाली. रक्त किमान ३० दिवसांनी काढायचं, म्हणजे ४ फेब्रुवारी किंवा त्यानंतर. २९व्या दिवशी काढलेलं बाद. रक्त काढल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन महिने थांबायचं, म्हणजे ४ मेच्या आधी युरोपात पाऊल नाही. बरेच जण हे तीन महिने अहवाल आल्यापासून मोजतात आणि उगाच घाबरतात. मोजायचे ते रक्त काढल्यापासूनच.

तपासणी युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या लॅबमध्येच व्हायला हवी, आणि अँटीबॉडीचं (लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या, रेबीजशी लढणाऱ्या प्रथिनांचं) प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा त्याहून जास्त हवं. लॅबला सीरम, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेला द्रव लागतो, नुसतं रक्त नाही. ते व्हेटकडेच सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) वेगळं काढून, थंड ठेवून पाठवायचं. नीट काढलेलं सीरम पिवळसर, पारदर्शक दिसतं. लालसर झालं असेल तर रक्तपेशी फुटल्यात असं समजा आणि दुसरा नमुना घ्यायला सांगा. तुमच्या कुत्र्याला आधीच्या लसी मिळालेल्या आहेत, त्यामुळे आकडा बहुधा चांगला येईल. नापास होण्याची भीती आयुष्यात पहिल्यांदाच लस घेणाऱ्या पिल्लांना जास्त असते. नापास झाला तर पुन्हा लस, पुन्हा रक्त आणि पुन्हा तीन महिने. तुमच्याकडे तेवढी सवड नाही, म्हणून नमुन्यात हयगय नको.

शेवटचा कागद म्हणजे आरोग्य प्रमाणपत्र. त्यावर सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची सही लागते. नेहमीच्या व्हेटने भरलं असेल तर सरकारी अधिकाऱ्याचा शिक्का आणि मान्यता हवी. ते १० दिवस चालतं, आणि युरोपात कागद तपासले जातील तो दिवस या दहांत पडायला हवा. म्हणून अधिकाऱ्याची वेळ आधी ठरवा, मग तिकीट काढा. भाषेकडे लक्ष द्या: प्रमाणपत्र इंग्रजीत हवं आणि ज्या देशातून आत शिरता त्याच्या भाषेतही. जायचं जर्मनीला पण विमान पॅरिसला बदलणार असाल, तर तपासणी पॅरिसला होते आणि प्रमाणपत्र फ्रेंचमध्ये लागतं. मला विचाराल तर थेट फ्रँकफर्ट गाठा.

सही छापील अक्षरांपेक्षा वेगळ्या रंगाची हवी, निळं पेन सगळ्यात सोपं. लागू नसलेली वाक्यं खोडून प्रत्येक ठिकाणी अधिकाऱ्याची छोटी सही आणि शिक्का घ्या. व्हाइटनर अजिबात नको. सोबत लसीच्या नोंदीची आणि लॅब अहवालाची प्रमाणित प्रत जोडा, आणि विक्रीसाठी नेत नाही असं तुमचं सहीचं निवेदन. कुत्रा तुमच्या प्रवासाच्या मागेपुढे पाच दिवसांच्या आतच गेला पाहिजे. त्याला दुसरं कोणी घेऊन येणार असेल तर तुमचं लेखी अधिकारपत्र त्यांच्याकडे द्या.

फिनलंड, आयर्लंड, माल्टा किंवा नॉर्वेला जाणाऱ्या कुत्र्यांना याशिवाय टेपवर्मचं (आतड्यातल्या चपट्या जंताचं) औषध लागतं, पोचण्याआधी २४ ते १२० तासांत. जर्मनीला ते नको. विमान कंपनीचे नियम वेगळे असतात, ते तिकिटाआधी लेखी मागवा. आणि झोपेचं औषध देऊ नका, गुंगीतला प्राणी बऱ्याच कंपन्या घेत नाहीत.

सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. पोचल्यावर तिथल्या व्हेटकडून कुत्र्याचा युरोपीय पासपोर्ट करून घ्या आणि लसीची मुदत संपायच्या आधी बूस्टर, म्हणजे लसीचा पुढचा डोस द्या. बूस्टर वेळेवर होत राहिले तर रक्ततपासणी कुत्र्याच्या आयुष्यभर चालते. एक दिवस जरी चुकला तरी ती लस पुन्हा पहिली ठरते, आणि सुट्टीत घरी नेऊन परत आणायच्या वेळी रक्तापासून सगळं नव्याने करावं लागतं.