लिलावातील १९७० ची शेवरोले शेवेल एसएस ४५४, एलएस६ इंजिनासह, अस्सल आहे हे कसे ओळखावे?

केवळ चकचकीत रंगावर विसंबू नका. ४५४ घन इंचांचे, ४५० अश्वशक्तीचे हे इंजिन असलेल्या गाड्यांना मोठी किंमत येत असल्याने शेवेलच्याच साध्या मालिबू आवृत्तीला एसएसचे (सुपर स्पोर्ट) बिल्ले व पट्टे चढवून विकल्याची उदाहरणे आहेत, आणि त्या वर्षीच्या चासी क्रमांकावरून गाडी एसएस आहे की नाही हे कळतच नाही. म्हणून कारखान्यातील मूळ बिल्डशीट, म्हणजे त्या गाडीत कोणते भाग बसवायचे याची यादी, मागा. तो जीर्ण कागद बहुधा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो.

त्यानंतर बॉनेट उघडून, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे असलेल्या सपाट पट्टीवर टॉर्चचा प्रकाश तिरपा पाडा. तेथे इंजिनाचा संकेत आणि साधारणपणे चासी क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो, व अक्षरांखाली कारखान्यातील यंत्रकामाच्या बारीक समांतर रेषा दिसायला हव्यात. पट्टी आरशासारखी गुळगुळीत असेल, तर जुने अंक घासून नवे ठोकले असण्याची दाट शंका घ्यावी. माझ्या मते उत्तम रंगकामापेक्षा ही बोटभर पट्टी अधिक मोलाची आहे. बोली लावण्यापूर्वी जाणकाराकडून ती अवश्य तपासून घ्या.