आत माणूस आहे हे दिसत असूनही मोठी माणसं जपानी राक्षसपट का बघतात?

तुम्ही विचारलंय की तुमचा तिशीतला भाऊ जुने गॉडझिला आणि अल्ट्रामॅन बघत बसतो, त्यातल्या राक्षसांच्या मूर्ती जमवतो. रबरी पोशाखात माणूस आहे, इमारती खेळण्यातल्या आहेत हे उघड दिसतं. संगणकावर हवं ते खरं भासवता येत असताना मोठ्या माणसाला यात काय मिळतं?

मीही तुमच्या भावाच्याच पंथातली, म्हणून मनापासून उत्तर देते. आत माणूस आहे हे आम्हालाही दिसतं, आणि त्याचंच काम बघायला आम्ही बसतो. कोकणातल्या दशावतारात संकासुराच्या काळ्या बुरख्याआड गावातला कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी तो आला की पोरं आईला बिलगतात. तसंच काहीसं.

पण आधी हे कुठून आलं ते सांगायला हवं, कारण गॉडझिला या समुद्रातून येणाऱ्या महाकाय राक्षसाचा पहिला सिनेमा गंमत म्हणून काढलेला नव्हता. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्या भागात 'दाइगो फुकुर्यू मारू' ही जपानी मासेमारी बोट होती. तिच्यावरच्या २३ जणांच्या अंगावर किरणोत्सारी राख पडली आणि सप्टेंबरात बोटीचा रेडिओचालक दगावला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला तोहो या चित्रपट कंपनीचा 'गोजिरा' (गॉडझिलाचं जपानी नाव) प्रदर्शित झाला. सुरुवातीलाच समुद्रावर डोळे दिपवणारा उजेड होतो आणि एक बोट पेट घेते. प्रेक्षकांना ती बोट कोणती हे सांगावं लागलं नसणार. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धानंतर सैन्यातून घरी परतताना उद्ध्वस्त हिरोशिमा पाहून आलेले. शहर तुडवून झाल्यावर त्यांचा कॅमेरा रुग्णालयात जातो. एका लहान पोरीसमोर किरणोत्सार मोजायचं यंत्र धरतात, ते कडकड वाजायला लागतं आणि डॉक्टर नुसती मान हलवतो. ते दृश्य आजही मला सहन होत नाही.

राक्षस पडद्यावर आणायची जबाबदारी एइजी त्सुबुराया यांच्यावर होती. १९३३च्या 'किंग काँग'ने ते भारावले होते आणि तसंच, बाहुली कणाकणाने हलवत चित्रण करायचं त्यांच्या मनात होतं. त्याला ना वेळ होता ना पैसा. म्हणून पोशाख आला. पहिल्या पोशाखाचं वजन १०० किलोच्या आसपास, इतका ताठर की चालणं कठीण. त्यात शिरणारे हारुओ नाकाजिमा पुढे १९७२ पर्यंत गॉडझिला होते. हत्ती, अस्वलं पाऊल कसं टाकतात हे बघायला ते प्राणिसंग्रहालयात जाऊन उभे राहत. आणि ती सुप्रसिद्ध डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांची: डबल बास या वाद्याची तार सैल करून, राळ लावलेल्या चामड्याच्या हातमोज्याने घासून काढलेला आवाज, नंतर संथ केलेला.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. गॉडझिला ५० मीटर उंच, शहराची मॉडेलं १:२५ प्रमाणात, म्हणजे पोशाख साधारण २ मीटरचा. ५० मीटरवरून पडलेला दगड जमिनीवर यायला सव्वातीन सेकंदांच्या आसपास घेतो, २ मीटरवरून पाऊण सेकंदही लागत नाही. उंची २५ पट घटली की वेळ ५ पट घटतो. म्हणून चित्रण करताना कॅमेऱ्यातली फिल्म जास्त वेगाने पळवायची आणि दाखवताना नेहमीच्या वेगाने दाखवायचं. मग हातभर उंचीवरून ढासळणारं प्लास्टर काँक्रीटसारखं जड वाटतं. आतल्या नटाला त्या हिशेबाने पाऊल टाकावं लागतं, तेही डोळ्यांना धड दिसत नसताना. इमारत आधीच आतून कापून, कमजोर करून ठेवलेली असते. ती एकदाच पडते. चुकलं तर नवी उभारण्यात दिवस जातात. पाणी आणि आग मात्र या गणिताला जुमानत नाहीत. थेंब लहान करता येत नाही, ज्वाळा लहान करता येत नाही, म्हणून समुद्रातली दृश्यं चटकन ओळखू येतात. हे कळल्यापासून मी प्रत्येक लाट बघते आणि त्यांनी ती कशी निभावली हे शोधते.

हा प्रकार, जपानीत ज्याला तोकुसात्सु म्हणतात, टीव्हीवर गाजला तो १९६६ साली, आधी 'अल्ट्रा क्यू' आणि मग जुलैत 'अल्ट्रामॅन', म्हणजे राक्षसांशी लढणाऱ्या महाकाय वीराची मालिका. दर आठवड्याला नवा राक्षस हवा आणि पैसे मोजके. मग तोहोच्या १९६५च्या एका सिनेमातल्या बारागोन राक्षसाचा पोशाख आणून तो पागोस झाला, मग शिंगं-बिंगं बदलून नेरोंगा, माग्युलर, गाबोरा. गॉडझिलाच्याच पोशाखाला गळ्याभोवती झालर लावून जिरास तयार केला. आत पुन्हा नाकाजिमाच. मारामारीत अल्ट्रामॅन ती झालर उपटून काढतो आणि क्षणभर समोर चक्क गॉडझिला उभा! तुमच्या भावाला नुसतं 'जिरास' म्हणून बघा, तो अर्धा तास बोलेल.

आपल्याकडे टीव्हीवर पॉवर रेंजर्स बघून एक पिढी मोठी झाली. त्यातली मुखवटेवाल्यांची मारामारी आणि यंत्रमानवांची बरीचशी दृश्यं जपानी मालिकांतून उचललेली होती. १९९३चा पहिला हंगाम 'झ्यूरेंजर' या १९९२च्या मालिकेवर उभा होता. म्हणजे यातलं थोडंफार तुम्हीही पाहिलेलं असण्याची शक्यता आहे.

मूर्ती जमवण्याबद्दल. १९८०च्या आसपास बाजारातली खेळणी पडद्यावरच्या राक्षसासारखी दिसत नाहीत म्हणून जपानी चाहत्यांनी स्वतःच मूर्ती घडवून, रेझिनमध्ये ओतून विकायला सुरुवात केली. त्यातून 'वंडर फेस्टिव्हल' नावाचा मेळा उभा राहिला. तिथे हौशी कारागिरांना मूळ कंपनीकडून त्या एका दिवसापुरता विक्रीचा परवाना मिळतो. चाहत्याला चोर न ठरवता त्याच्या हाताला जागा देणारी ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

आणि हेच चाहते पुढे कर्ते झाले. ओसाकातल्या कॉलेजकुमारांच्या एका गटाने १९८३ साली अल्ट्रामॅनवर हौशी सिनेमा काढला. त्यात अल्ट्रामॅन झालेला मुलगा हिदेआकी आन्नो, मुखवटा न घालता, स्वतःच्याच चेहऱ्याने. त्याच आन्नो यांनी शिंजी हिगुची यांच्यासोबत २०१६चा 'शिन गोजिरा' केला. त्यातला राक्षस बहुतांशी संगणकावर घडवलेला, पण त्याच्या हालचालींसाठी क्योगेन या पारंपरिक नाट्यप्रकारातले नट मान्साइ नोमुरा यांना घेतलं होतं. संगणकाशी आमचं भांडण नाही हो. २०२३च्या 'गॉडझिला मायनस वन'मध्येही राक्षस संगणकाचाच, ३५ कलाकारांनी ६१० दृश्यं केली आणि २०२४ साली ऑस्कर मिळवलं. तेव्हा मी आनंदाने रडले.

दुःख एकाच गोष्टीचं आहे. चित्रीकरण संपलं की मॉडेलं टाकून दिली जात, आणि लेटेक्सचे पोशाख ठेवले तरी काही वर्षांत तडकून भुगा होतात. आन्नो आणि मंडळींनी २०१२ साली टोकियोत जुन्या मॉडेलांचं मोठं प्रदर्शन भरवलं, ते या चिंतेतून. पुढे २०२० साली फुकुशिमा प्रांतात, त्सुबुराया यांच्या सुकागावा या गावी, जे उरलंय ते जपणारं केंद्र सुरू झालं. विमानं, रणगाडे, इमारती तिथे फळ्यांवर मांडून ठेवलेल्या आहेत.

सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. १९७०च्या सुमाराला पैसे आटले तेव्हाच्या काही सिनेमांत जुन्या सिनेमांचे तुकडे जसेच्या तसे जोडलेत. ते खुशाल सोडा.

भावाबरोबर बसणार असाल तर १९५४चा मूळ जपानी 'गोजिरा' लावा. १९५६ साली अमेरिकेत एका अमेरिकन नटाची दृश्यं घुसवून, अणुबॉम्बचे बरेचसे संदर्भ कापून एक आवृत्ती निघाली होती, ती चुकून लागणार नाही एवढं बघा. मग १९९५चा 'गामेरा', महाकाय कासवाचा सिनेमा. त्याची विशेष दृश्यं हिगुचींची आहेत आणि कॅमेरा बहुतेक वेळा रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेतून वर बघतो. मोडलेल्या टोकियो टॉवरवर ग्याओसने, म्हणजे त्यातल्या उडत्या राक्षसाने, घरटं केलेलं आणि मागे सूर्य मावळतोय, तिथे थांबवून भावाला विचारा हे कसं केलं असेल. अल्ट्रामॅन त्यानंतर, त्याच्या आवडीच्या भागापासून.