वाचक विचारतात : ‘नुसता सिद्धांत’ की सिद्ध झालेलं सत्य?

प्रश्न : सापेक्षतेचा सिद्धांत शंभर वर्षांहून जास्त काळ सगळे मानतात. तरी तो सिद्ध झाला असं शास्त्रज्ञ का म्हणत नाहीत? मग तो नुसता अंदाजच समजायचा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही नाही. पायथागोरसचं प्रमेय एकदा सिद्ध झालं की कायमचं. निसर्गाविषयीच्या सिद्धांताला ही सोय नाही. त्याची पुढची मोजणी नेहमी बाकीच असते.

न्यूटनचं गुरुत्वाकर्षण घ्या. युरेनस गणिताची वाट सोडतोय असं दिसल्यावर फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिए यांनी त्याच्या पलीकडे एक अज्ञात ग्रह धरला आणि त्याची जागा काढली. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनमध्ये खगोलशास्त्रज्ञ गाले यांना नेपच्यून तिथून एका अंशाच्या आतच सापडला. याहून भक्कम पुरावा कोणता मागणार? पण 1859 मध्ये बुधाच्या कक्षेतल्या तफावतीवर त्याच लव्हेरिएंनी तोच तोडगा काढला : सूर्याजवळ आणखी एक ग्रह, व्हल्कन. तो नव्हताच. बुधाचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू शतकात 43 विकला जास्त सरकतो (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). एवढ्याशा फरकावर न्यूटनचं गणित अडलं. 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या समीकरणांतून नेमका हाच आकडा निघाला, तोही काही जुळवून न घेता.

आता ‘नुसता अंदाज’. सापेक्षतेनुसार उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा किंचित पुढे पळायला हवं. 1977 मध्ये अमेरिकेने सीझियम घड्याळासह (हे अतिशय अचूक अणुघड्याळ) एनटीएस-2 उपग्रह सोडला. सापेक्षतेची दुरुस्ती खरंच लागते का, अशी शंका काहींना होती. म्हणून ही दुरुस्ती करणारी जोडणी बसवली, पण पहिले सुमारे 20 दिवस बंद ठेवली. घड्याळ पुढे पळू लागलं. अपेक्षा होती एक लाख कोटी भागांत 446.5 भागांची, मोजले गेले 442.5.

जीपीएसच्या घड्याळांत हा फरक रोज सुमारे 38 मायक्रोसेकंदांचा असतो : उंचीमुळे 45 पुढे, वेगामुळे 7 मागे. प्रकाश तेवढ्यात 11 किलोमीटर जातो. म्हणून 10.23 मेगाहर्ट्झचं घड्याळ जमिनीवरच 10.22999999543 ला लावून पाठवतात.

तेव्हा कुठल्याही सिद्धांताबाबत विचारायचं ते हे : त्याने आकडा आधी सांगितला होता का, आणि तो कुठवर तपासलाय? न्यूटनचे नियम पूल बांधायला आजही पुरतात. बुधापाशी कमी पडतात. सापेक्षतेची समीकरणंही कृष्णविवराच्या केंद्रापाशी अनंत उत्तर देतात, म्हणजे तिथे हात टेकतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ 4 किलोमीटर लांबीच्या भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा होतेय. गुरुत्वलहरी (अवकाश-काळातले तरंग) टिपून ती हाच सिद्धांत पुन्हा तपासायला घेईल.