मॅडमची ओळख ग्राहकांना कशी करून द्यावी?

म्युच्युअल फंड वितरणाच्या तुमच्या कामात नऊ वर्षं सोबत असलेल्या मॅडमना आता ग्राहकांसमोर आणायचंय, त्यासाठी लिहिलेला व्हॉट्सअॅप संदेश कसा वाटतो, असं तुम्ही विचारलंय. त्यातलं 'आमच्या घरच्याच, अत्यंत विश्वासू' हे वाक्य आधी काढा. पैशात फसवणाराही स्वतःला विश्वासूच म्हणवतो, त्यामुळे त्या शब्दावरून ग्राहकाला काही कळत नाही. त्याला हे कळायला हवं: मॅडम कोणतं काम बघणार, कोणत्या नंबरवरून फोन करणार आणि काय कधीही मागणार नाहीत.

शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. ओटीपी, सही केलेला कोरा फॉर्म, रोख रक्कम, स्वतःच्या किंवा तुमच्या फर्मच्या नावाचा चेक, यातलं काहीही त्या मागणार नाहीत. चेक योजनेच्या नावाने निघतो, माणसाच्या किंवा फर्मच्या नावाने नाही. हे स्पष्ट लिहा. उद्या कुणी मॅडमचं नाव सांगून ग्राहकाला फोन केला, तर या चार ओळी ग्राहकालाही वाचवतील आणि मॅडमच्या नावालाही.

त्या योजनांबद्दल बोलणार असतील तर एनआयएसएम या संस्थेची पाच-अ ही म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा आणि ईयूआयएन, म्हणजे योजना विकणाऱ्या व्यक्तीचा स्वतःचा ओळख क्रमांक, हवाच. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मुदत बघून ठेवा. तुम्ही वितरक आहात, म्हणून त्यांच्या नावापुढे 'गुंतवणूक सल्लागार' लावू नका. त्यासाठी सेबीकडे वेगळी नोंदणी लागते.

आता माझी चूक सांगतो. आमच्या ऑफिसमधल्या मॅडमचा फोटो घालून मी छान संदेश पाठवला, सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी पाठवले, आणि पुढचे सहा महिने प्रत्येक फोन मलाच आला. दोष माझाच होता. एसआयपीची, म्हणजे ठरावीक हप्त्याच्या गुंतवणुकीची, तारीख बदलायची असली तरी मी 'हो, करतो' म्हणायचो. मॅडम शेजारीच बसलेल्या असायच्या.

मग मी पद्धत बदलली. ग्राहक आले की त्यांना मॅडमच्या टेबलापाशी बसवायचं, 'हे काम या बघतात' एवढंच सांगायचं आणि मध्ये बोलायचं नाही. गप्प बसणं मला फार जड गेलं. एकदा एक निवृत्त गुरुजी पिशवीभर कागद घेऊन आले. त्यांना फक्त बँक खातं बदलायचं होतं. मॅडमनी सगळे फोलिओ, म्हणजे फंडातली खाती, एकेक करून उलगडले आणि एका नॉमिनीपाशी थांबल्या. गुरुजींच्या पत्नीचं नाव तिथे माहेरचं होतं, पॅनवर आणि पासबुकात सासरचं. "गुरुजी, हे आजच सरळ करू. नंतर काकूंना धावपळ नको," एवढंच त्या म्हणाल्या. गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

दोन वर्षांनी गुरुजी गेले. काकूंचा फोन आला तो थेट मॅडमना. फोनवर पाच मिनिटं मॅडम फक्त ऐकत होत्या, फॉर्मचा विषयही त्यांनी काढला नाही. तेराव्यानंतर त्या स्वतः घरी जाऊन कागद करून आल्या. नाव जुळत असल्यामुळे कुठे अडलं नाही. मी तो फोन घेतला असता तर पहिल्याच मिनिटात मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागितली असती.

म्हणून तुमच्या संदेशात असा एखादा खरा प्रसंग दोन ओळींत लिहा, अर्थात ग्राहकाची ओळख न देता, आणि त्यापुढे एवढंच: 'नऊ वर्षं आपले सगळे फोलिओ, नॉमिनी आणि केवायसीचं काम याच बघतात. यापुढे या कामांसाठी थेट त्यांच्याशी बोला. मोठ्या निर्णयाच्या वेळी मीही सोबत असेन.' इतकं साधं पुरे. पंचाहत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना मात्र संदेश नको, मॅडमना घेऊन एकदा घरी जाऊन या. चहा घेतला, चेहरा पाहिला की त्यांना फोनवरचा आवाज ओळखीचा वाटतो.

आणि हे सगळं पाठवण्याआधी मसुदा मॅडमना वाचायला द्या. फोटो चालेल का, विचारा. त्यांचा घरचा मोबाइल नंबर देऊ नका, ऑफिसचं वेगळं सिम घ्या आणि वेळही लिहा. आमच्याकडे सुरुवातीला रात्री साडेदहाला एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, विचारणारे फोन त्यांच्या घरी जात होते. त्यांनी कधी तक्रार केली नाही, मला ते त्यांच्या मुलीकडून कळलं.