बटाट्याच्या एका वाणाला दहा वर्षं, मग मुलीच्या करिअरचं काय?

प्रश्न: माझी मुलगी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोगाला बळी न पडणारे बटाट्याचे वाण तयार करायचे, हे तिने ठरवूनच टाकलंय. एक वाण यायला दहा-बारा वर्षं लागतात म्हणे. शिवाय आता जनुक संपादन, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकांत थेट बदल करणं, आलंय, मग शेतात संकर करणाऱ्यांना कोण विचारणार? तिला समजवावं का?
– एक पालक

उत्तर: समजवायला जाऊ नका, आधी हे काम तुम्ही समजून घ्या.

दहा-बारा वर्षांची गोष्ट खरी आहे. पण पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारा, एकाच वाणाची वाट बघत बसत नाही. दरवर्षी नवे संकर होतात, आधीच्या वर्षांची रोपं पुढच्या चाचण्यांत असतात. शिकण्यासारखं आणि शोधनिबंध लिहिण्यासारखं काम पहिल्या हंगामापासूनच हाती येतं.

कस लागतो तो दुसरीकडे. लागवडीच्या बहुतेक बटाट्यांत गुणसूत्रांचे चार संच असतात, एकूण 48. कंद लावला तर मूळ झाडासारखंच झाड येतं. पण दोन उत्तम वाणांचा संकर करून बी पेरलं, तर प्रत्येक रोप निराळं निघतं. हजारो रोपांतून एखादंच वाण म्हणून टिकतं, बाकीची टाकून द्यावी लागतात. करपा या रोगाला दाद न देणारं रोप उत्पन्नात मार खातं, किंवा त्याचे कंद साठवणीत टिकत नाहीत. आपण वाढवलेलं रोप नोंदी बघून शांतपणे बाद करणं तिला जमेल का, हा मला खरा प्रश्न वाटतो.

आता जनुकांविषयी. 1845 पासून आयर्लंडमध्ये ज्याने उपासमार घडवली, तो उशिरा येणारा करपा ‘फायटोप्थोरा इन्फेस्टन्स’ या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो. विसाव्या शतकात ‘सोलॅनम डेमिसम’ या रानटी जातीतून प्रतिकाराची जनुकं लागवडीच्या बटाट्यात आणली गेली. पण एकेका जनुकाच्या भरवशावर असलेले वाण टिकले नाहीत, कारण रोगकारकच बदलत गेला. म्हणून आता एकाच वाणात अनेक जनुकं गोळा करण्याकडे कल आहे. रोग बदलत राहणार, त्यामुळे हे काम संपणारं नाही.

प्रयोगशाळेचं बळ मोठं आहे, यात शंका नाही. ‘सोलॅनम बल्बोकॅस्टेनम’ या रानटी जातीचा लागवडीच्या बटाट्याशी सरळ संकर होत नाही. तिच्यातलं करप्याविरुद्धचं जनुक वेगळं काढून बटाट्यात घालता आलं, ते प्रयोगशाळेमुळेच. पण जनुक आलं म्हणजे वाण झाला असं नाही. अमेरिकेत 1967 मध्ये ‘लेनापी’ नावाचा वाण आला. त्याच्या वंशात रानटी जात होती आणि चिप्ससाठी तो उत्तम होता. पुढे कंदांत विषारी ग्लायकोअल्कलॉइडचं प्रमाण जास्त आढळलं आणि 1970 मध्ये तो मागे घ्यावा लागला. असे दोष हेरायला अनेक हंगामांच्या चाचण्याच लागतात. तिने दोन्ही बाजू शिकाव्यात, पण सुरुवात शेतातून करावी असं माझं ठाम मत आहे.

नोकऱ्यांबद्दल स्पष्टच सांगतो. फक्त बटाट्यावर काम करणाऱ्या जागा थोड्या आहेत: सिमल्याची केंद्रीय बटाटा संशोधन संस्था, पेरूची राजधानी लिमा इथलं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र, कृषी विद्यापीठं, बियाणं आणि प्रक्रिया कंपन्या. पण हे कौशल्य एका पिकापुरतं राहत नाही. टोमॅटोवरचा उशिरा येणारा करपाही याच रोगकारकाचा, आणि भाजीपाल्याच्या पैदाशीत रोगप्रतिकार जाणणारी माणसं लागतातच.

एम.एस्सी.ला वनस्पती पैदासशास्त्र मुख्य आणि रोगशास्त्र जोडीला घ्यावं. संख्याशास्त्र टाळू नये. इथे निवड आकड्यांवर होते. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निबंधांची यादी नंतर बघा. या हंगामात कोणते संकर शेतात उभे आहेत आणि गेल्या हंगामातली किती रोपं कशामुळे बाद केली, हे आधी विचारा. आणि प्रवेश घेण्याआधी तिला एखाद्या पैदास केंद्रावर लावणीपासून काढणीपर्यंत पूर्ण हंगाम काम करू द्या. मग तिलाच विचारा.