चार वाजताचा नेवऱ्यांचा डबा

"चवथीला जे गोड खाणं सुरू होतं ते नाताळ सरेपर्यंत थांबत नाही. माझ्यात संयमच नाही," फोंड्याकडच्या एक शिक्षिका सांगत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय 42, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) 6.1 टक्के. मधुमेह नव्हे, पण 5.7 ते 6.4 हा त्याचा उंबरठा. सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती, फळीवरचा डबा मात्र अजून निम्मा भरलेला.

संयमाचं बोलणं बाजूला ठेवून त्यांना तीन दिवस लिहून ठेवायला सांगितलं: तलफ कधी आली, त्याआधी काय आणि कधी खाल्लं, झोप किती झाली. वही बोलकी निघाली. तलफ रोज चार-साडेचारची. खांद्यावरची पर्स खाली ठेवायच्या आधीच, उभ्या उभ्या, एकामागून एक तीन नेवऱ्या, म्हणजे गोव्याच्या करंज्या. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी भात मोजून दोन घास, कारण "संध्याकाळी गोड होणारच आहे". झोप पाच तास.

ही तलफ नव्हती, भूक होती. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर सगळ्यात लवकर ताकद देणारं जे दिसेल तेच मागतं, आणि अपुरी झोप ती मागणी आणखी वाढवते.

म्हणून सुरुवात गोडापासून केलीच नाही. सकाळी पोळी आणि मुगागाठी (मोडाच्या मुगाची आमटी), नाहीतर दोन अंडी. दुपारी पोटभर जेवण: भाताबरोबर भाजी आणि मासळी, सोमवारी वाटाण्याचं तोणाक (वाटणाची रस्साभाजी). शाळेतून निघण्यापूर्वी मूठभर भाजलेले चणे. नेवरी बंद नाही. एकच, दुपारच्या जेवणावर, बशीत घेऊन, बसून. भरल्या पोटी खाल्लेली साखर रक्तात सावकाश उतरते. डबा मात्र फळीवरून वरच्या कपाटात गेला.

चहाचं गणित त्यांना सगळ्यात जास्त लागलं. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे. चमच्याला 4 ग्रॅम धरले तरी 32 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर जमल्यास दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. म्हणजे नेवरीला हात लावण्याआधीच मर्यादा ओलांडलेली. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करायचं ठरलं. जीभ तेवढ्याने कुरकुरत नाही.

दुसऱ्या आठवड्यात घसरल्या. उत्साहाच्या भरात गोड पूर्ण बंद केलं, आणि रविवारी मावशीकडे सात नेवऱ्या. मग अपराधीपणापायी सोमवारी जेवण टाळलं, की चार वाजता पुन्हा तेच. अशा वेळी पुढचं जेवण न चुकता, नेहमीएवढंच घ्यायचं. शिवाय दोदोल या गोव्याच्या मिठाईबद्दल "दोदोल माडाच्या गुळाचं, ते चालतं" हाही समज होता. गूळ माडाचा असो की उसाचा, शरीराला ती साखरच.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना हात थरथरून, घाम फुटून गोड हवंसं वाटलं, तर ती तलफ समजून दाबू नये. साखर उतरलेली असू शकते. लगेच 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं, आणि डॉक्टरांना कळवावं.

नाताळात शेजारणीकडून कुस्वादाचं, म्हणजे नाताळच्या गोडाधोडाचं, ताट आलं. "आलेलं परत कसं करू?" हा त्यांचा प्रश्न. परत करायचं नाहीच. बेबिंकाचा (नारळाच्या दुधाच्या थरांच्या केकचा) बोटभर जाड तुकडा जेवणानंतर घरच्या सगळ्यांबरोबर, बाकीचं दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये. ताट रिकामं पाठवत नाहीत, म्हणून त्यात त्यांनी पपया ठेवल्या.