गाडी तापली म्हणून लगेच इंजिन खोलू नका

प्रश्न: भाऊ, माझ्याकडे २०१३ चा छोटा हत्ती आहे, मागच्या दिवाळीला सेकंडहँड घेतला. गावात चांगला चालतो पण भाजीपाला भरून चाळीसगावहून कन्नड घाट चढायला लागलो की निम्म्या घाटातच काटा लालमध्ये जातो, पाणी बाहेर फेकतो, अर्धा तास थांबावं लागतं. मेस्त्री म्हणतो इंजिन करावं लागेल, म्हणजे खोलून पूर्ण दुरुस्त, ४५ हजार सांगतोय. एवढे पैसे आत्ता नाहीत. माल साधारण सव्वा टन असतो. काय करू?
— एक शेतकरी, चाळीसगाव तालुका

उत्तर: भाऊ, थांबा, ४५ हजार कुणालाही देऊ नका. "गाडी तापस भाऊ" असं सांगत मे महिन्यात माझ्याकडे रोज कुणी ना कुणी येतो आणि त्यातल्या बहुतेकांचं इंजिन चांगलं असतं, रोग पाण्याचा असतो. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी टाकतात, कूलंट महाग म्हणून कोण घेत नाही, आणि आपलं बोअरचं पाणी किती क्षाराचं आहे ते घरातल्या हंड्याच्या बुडाकडे बघितलं तरी कळतं. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका गाडीचा रेडिएटर उघडला तर आतल्या नळ्यांना चुन्यासारखा पांढरा थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला, निम्म्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. सपाट रस्त्याला ते खपून जातं, घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरला इंजिन जोरात फिरतं आणि गाडी हळू असल्यामुळे वारा लागत नाही, तिथे मग पितळ उघडं पडतं.

म्हणून सुरुवात स्वस्तापासून करा. आधी रेडिएटरचं झाकण बदला, दोनेकशे रुपयांत येतं. त्याचं रबर गेलं की आत प्रेशर टिकत नाही, मग पाणी लवकर उकळतं आणि बाहेर फेकतं, तुम्ही सांगताय तसंच. मग रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफसफाई, करून घ्या, हजार-दीड हजारात होतं. फॅन वेळेवर फिरतो का आणि वॉटर पंपाखाली ओल दिसते का तेही बघा. आणि मेस्त्रीला विचारा की आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट (इंजिनातलं पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून टाकलाय का, आपल्याकडे तापली की पहिला तोच काढतात, तो परत बसवा. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर डब्यावर लिहिलंय त्या प्रमाणात भरा. हे सगळं मिळून साधारण तीन-चार हजारांत बसतं, वॉटर पंप निघाला तर अजून दोनेक हजार धरा.

एवढं करूनही तापली तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधलं पॅकिंग, तपासायचं. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढा, गाडी स्टार्ट करा आणि पाण्याकडे बघत रहा, एकसारखे बुडबुडे येत राहिले किंवा ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ फेस दिसला तर गॅस्केट गेलंय समजा. हेड उतरवून, लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून), मजुरी धरून सात ते दहा हजार लागतात. पूर्ण इंजिन करायची वेळ निळा धूर निघत असेल आणि ऑइल खात असेल तर येते, तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

आता मालाचं बोलतो, रागावू नका. ही गाडी पाऊण टनाची आहे, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ताकद १६ हॉर्सपॉवर. सव्वा टन भरून घाट चढवला तर नवीन गाडीसुद्धा तापेल, शिवाय क्लच जळतो, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, उतरताना ब्रेकही पकडत नाहीत. क्लच सेट मजुरीसकट पाच-सहा हजारांना पडतो, म्हणजे एक खेप वाचवायला गेलात तर दोन खेपांची कमाई तिथेच गेली. माल दोन फेऱ्यांत न्या नाहीतर शेजाऱ्याबरोबर मोठी गाडी करा.

आणि एक हात जोडून सांगतो, तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका आणि गार पाणी ओतू नका. वाफेने माणूस भाजतो आणि हेडला चीर जाते. गाडी बाजूला घ्या, चाकाखाली दगड लावा, गार होऊ द्या.

प्रश्न: दादा, आम्ही रावेरकडचे, केळी शेतातून पॅकिंगला न्यायला २०१६ ची बोलेरो पिकअप बघितलीय, चार लाख मागतोय. बाहेरून रंग नवीन आहे. घ्यावी का?
— एक ताई, रावेर तालुका

उत्तर: ताई, नवीन रंग दिसला की आधी खाली वाका. केळीचा चीक आणि ओला पाला हौद्यात साचून राहतो, त्याने चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) आतून गंजते, वरून रंग मारला की दिसत नाही. पाटे जिथे अडकवलेले असतात तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, पत्रा भुगा झाला असेल किंवा जुनी वेल्डिंग दिसली तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या.

बघायला सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. बोनेटला हात लावून गार आहे ना ते बघा. गरम असेल तर गाडी सकाळी लवकर उठत नाही हे लपवण्यासाठी आधीच चालू केलेली असू शकते. स्टार्ट झाल्यावर ऑइलचं झाकण सैल करा, खालून धूर जोरात फेकत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. या गाडीला टर्बो आणि कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल देणारी सिस्टीम) आहे, डिझेल फवारणारा इंजेक्टर नवा टाकायचा झाला तर एकेक दहा हजाराच्या पुढे जातो आणि असे चार, म्हणून काळा धूर आणि रेस देताना इंजिनातून येणारा ठोका हलक्यात घेऊ नका.

कागदपत्रांत फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं सर्टिफिकेट, बघा. मालवाहू गाडीचं आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होतं, म्हणजे ही गाडी दरवर्षीवाली झाली. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. चेसिस चांगली आणि कागद साफ निघाले तरी टायर, ब्रेक लायनर, बॅटरी आणि ऑइलसाठी ३०-४० हजार वेगळे काढून ठेवा आणि भाव करताना तेवढे त्याला कमी करायला सांगा.